योजना सगळ्यांना लागू झाली, मग बिल का आलं?

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत राहणारा भाचा सांगतो की तिकडे ‘सगळ्यांचं हॉस्पिटलचं बिल एकट्या सरकारने भरावं’ यावर वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. आपल्याकडे तर राज्य सरकारच्या महात्मा फुले योजनेतून पांढऱ्या रेशनकार्डालाही पाच लाखांचं कवच मिळालं, म्हणजे आपण अमेरिकेच्या पुढे गेलो का? आणि गेलो असू, तर ७२ वर्षांच्या वडिलांच्या हर्नियाच्या ऑपरेशनला नाशिकमधल्या एका हॉस्पिटलने कार्ड बाजूला ठेवून अ‍ॅडव्हान्स कसा काय मागितला?

मी डॉक्टर नाही. माझं सगळं करिअर नाशिकमधल्या खासगी हॉस्पिटलांच्या बिलिंग आणि क्लेमच्या टेबलावर गेलं. त्यामुळे उत्तर टेबलाच्या माझ्या बाजूने देते. वडिलांचं शेवटी सांगते, कारण ते समजायला आधीचं थोडं समजावं लागेल.

आपल्याकडे सिंगल पेयर, म्हणजे सगळ्यांची बिलं भरणारा एकच, असं नाही. पैसे भरणारे डझनभर आहेत आणि सरकार त्यातलं एक. तेही एक नाही, तीन-चार तोंडांचं.

साधं अपेंडिक्सचं ऑपरेशन घ्या. सर्जन तोच, भूलतज्ज्ञ तोच, दुर्बीण तीच, टाके तेच. पेशंट कॅज्युअल्टीत आला की कुठे दुखतंय ते डॉक्टर विचारतात, आणि आम्ही नातेवाइकांना विचारतो, ‘कशात बसवायचं?’ कुणी महात्मा फुले योजनेत असतो. कुणी सातपूर-अंबडचा कामगार, त्याच्याकडे ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, रेफरल पत्र लागतं. देवळाली कॅम्पचे निवृत्त फौजी ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेवर येतात. पोलिसांची कुटुंब आरोग्य योजना वेगळी. राज्य सरकारी नोकर आधी स्वतः भरतो आणि मग वैद्यकीय प्रतिपूर्तीच्या फाइलमागे फिरतो. कुणाकडे कंपनीची ग्रुप पॉलिसी, तिच्यामध्ये टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी मधली कंपनी. कुणाकडे स्वतःचा मेडिक्लेम. आणि उरलेले रोखीचे.

दर प्रत्येकाचा निराळा. योजनेचा सगळ्यात खाली, त्याच्या वर सरकारी पॅनेलवाले, त्याच्या वर कंपन्यांच्या विमा पॉलिस्या. स्वतःचा चांगला मेडिक्लेम असेल आणि वर सिंगल रूम घेतली असेल, तर त्याच अपेंडिक्सचं बिल योजनेच्या दराच्या कितीतरी पट होतं, कारण बऱ्याच ठिकाणी खोलीचा वर्ग वाढला की सर्जनची फीसुद्धा वाढते. अपेंडिक्सला खोलीत एसी आहे की नाही हे कळत नाही, पण बिलाला कळतं. रोखीवाला पेशंट मधे कुठेतरी असतो. त्याच्यासाठी डॉक्टर डिस्चार्जच्या वेळी पेनाने चार-पाच हजार कमी करून देतात. ते त्यांच्या मनावर आणि नातेवाइकांच्या चेहऱ्यावर.

म्हणजे हॉस्पिटलचा हिशोब असा जमतो: योजनेच्या पेशंटमागे जे कमी पडतं ते मेडिक्लेम आणि रोखीवाल्यांकडून भरून निघतं. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं, पण महिन्याच्या शेवटी मालक डॉक्टर ‘या महिन्यात मिक्स कसं होतं?’ असं विचारतात तेव्हा ते हेच विचारत असतात. योजनेचे बेड किती ठेवायचे, कुठल्या विभागापुरती योजना घ्यायची, ‘आज योजनेचा कोटा भरला’ असं कधी सांगायचं, हे सगळं या मिक्सवरून ठरतं.

आता कागद. प्रत्येक पेयरचं पोर्टल वेगळं, लॉगिन वेगळं, फॉर्म वेगळा. योजनेत आधी प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरीचा अर्ज, टाकायचा, बेडवरचा फोटो, रिपोर्ट, ऑपरेशननंतरचा फोटो, इम्प्लांट असेल तर त्याचं बारकोड स्टिकर, डिस्चार्जचे कागद. एक गोष्ट राहिली की ‘क्वेरी’ येते. टीपीएकडे वेगळं नाटक. पेशंट सकाळी दहाला घरचे कपडे घालून तयार बसतो आणि अंतिम मंजुरी दुपारी चारला येते. त्यात ग्लोव्हज, रजिस्ट्रेशन चार्ज असल्या ‘नॉन-मेडिकल’ गोष्टी कापलेल्या असतात. विमा नियामकाने मे २०२४ मध्ये नियम केला की कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची. नियम चांगला आहे. कंपन्या शेवटच्या अर्ध्या तासात एखादी क्वेरी टाकतात.

क्लेम पास करून घ्यायला हॉस्पिटलने माझ्यासारखी माणसं पगारावर ठेवलेली आहेत आणि तोच क्लेम तपासायला, कापायला विमा कंपनीने माणसं पगारावर ठेवलेली आहेत. दोन्हीकडचे पगार शेवटी पेशंटच्याच पैशातून निघतात. अमेरिकेत हे सगळं आपल्या शंभरपट आहे. तो देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७-१८ टक्के आरोग्यावर घालवतो आणि तरीही तिथे अडीच कोटींहून जास्त लोक विम्याशिवाय आहेत. तुमच्या भाच्याच्या देशातला वाद मूळ इथून सुरू होतो: एवढे पेयर, एवढी टेबलं, एवढे दर पोसण्यापेक्षा एकच तिजोरी का नको?

सिंगल पेयर म्हणजे सरकारी दवाखाना असं लोक धरून चालतात. तसं नाही. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ पासून एनएचएस, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. तिथली बहुतेक हॉस्पिटलंच सरकारी आणि खर्च कराच्या पैशातून. कॅनडाचं निराळं. (नाशिककरांसाठी सांगते, शरणपूर रोडवरच्या कॅनडा कॉर्नरचा इथे संबंध नाही.) तिथे डॉक्टर बहुतांशी स्वतःचा धंदा करणारे आहेत, त्यांचं क्लिनिक त्यांचं. पण पेशंटला बिल द्यायचं नाही, प्रांताच्या सरकारला द्यायचं. पैसे भरणारा एक, इलाज करणारे अनेक. तैवानने १ मार्च १९९५ ला आपल्या दहाएक विमा योजना एकत्र करून एकच केली, प्रत्येकाला कार्ड दिलं, आणि हॉस्पिटलं तिथे बहुतेक खासगीच राहिली. जर्मनीत तर आजही नव्वदच्या वर आरोग्य निधी आहेत, म्हणजे सिंगल पेयर मुळीच नाही, पण त्या सगळ्या निधींचे हॉस्पिटलला द्यायचे दर सारखे ठरतात. जर्मनीचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. वर सांगितलेला अपेंडिक्सचा गोंधळ मिटवायला पेयर एकच असावा लागतो असं नाही. दर एक असला तरी निम्मा गोंधळ मिटतो.

कॅनडाचा इतिहास आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी वाचायला हवा. सुरुवात दिल्लीसारख्या राजधानीतून झाली नाही, सस्कॅचेवान नावाच्या गव्हाच्या प्रांतातून झाली. १९१० च्या दशकात तिथल्या एका ग्रामीण पालिकेने गावचा डॉक्टर टिकावा म्हणून त्याला कराच्या पैशातून पगार द्यायला सुरुवात केली आणि ती पद्धत शेजारपाजारी पसरली. १९४७ मध्ये टॉमी डग्लस यांच्या प्रांत सरकारने फक्त हॉस्पिटलचा खर्च सगळ्यांसाठी उचलला. डॉक्टरांची फी त्यात यायला १९६२ उजाडलं, आणि १ जुलैला योजना लागू होताच प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले. संप २३ दिवस चालला. सरकारने ब्रिटनहून डॉक्टर आणले. शेवटी तडजोड झाली: डॉक्टर सरकारी नोकर होणार नाहीत, प्रत्येक पेशंटमागे फी घेतील, पण सरकारी तिजोरीतून. मग १९६६ चा केंद्राचा, देशभरासाठीचा कायदा आला. त्यानंतरही डॉक्टर वर जादा पैसे मागत होते, म्हणून १९८४ मध्ये आणखी कायदा केला: ज्या प्रांतात पेशंटकडून वरचे पैसे घेतले जातील, त्याचं केंद्राचं अनुदान तेवढं कापायचं. पहिल्या पगारी डॉक्टरपासून इथपर्यंत सत्तरेक वर्षं गेली. आणि एवढं होऊनही हॉस्पिटलबाहेरची औषधं आणि दात आजही त्या मूळ योजनेत नाहीत.

उलट अमेरिकेत व्हरमाँट या लहान राज्याने २०११ मध्ये सिंगल पेयरचा कायदा केला आणि २०१४ च्या डिसेंबरात त्याच गव्हर्नरने तो बासनात बांधला. हिशोब मांडल्यावर मालकांवर पगाराच्या ११.५ टक्के आणि लोकांवर उत्पन्नाच्या ९.५ टक्क्यांपर्यंत नवा कर बसत होता. लोक आधीही तेवढेच पैसे घालवत होते, विम्याच्या हप्त्यातून. पण हप्ता कापला जातो तेव्हा कुणी रस्त्यावर येत नाही, कर वाढतो तेव्हा येतं.

आता आपलं. हा विचार आपल्याला परका नाही. स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ मध्ये, भोर समितीने लिहून ठेवलं की पैसे नाहीत म्हणून कुणाचा इलाज अडू नये. २०११ मध्ये डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या तज्ज्ञगटाने आणखी स्पष्ट सांगितलं: खर्च मुख्यतः सर्वसाधारण करातून करा आणि सरकारच्या वतीने इलाज विकत घ्यायला मध्ये विमा कंपन्या घालू नका. आपण काय केलं? २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. धुळ्याला ती आधी मिळाली, नाशिकला २०१३ च्या नोव्हेंबरात, आणि सुरुवातीपासून मध्ये विमा कंपनी होतीच. २०१७ मध्ये नाव महात्मा फुलेंचं झालं, २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली, आणि १ जुलै २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग न बघता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत लागू झाली. हे पाऊल मोठं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. कॅन्सरच्या केमोसाठी दागिने मोडणारी घरं मी टेबलाच्या पलीकडे पाहिली आहेत. त्यातली बरीच आज दागिन्यांशिवाय केमो घेतात, जेवण आणि घरी जायचं भाडंसुद्धा योजनेतून मिळतं.

पण पैशाचा आकडा बघा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये केंद्र आणि राज्यं मिळून सरकारचा आरोग्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता, माणशी वर्षाला ३,१६९ रुपये. एका सीटी स्कॅनला तेवढे जातात. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांवर जायचं ठरलं होतं. लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये एकूण खर्चाच्या ६४.२ टक्के होता, तो ३९.४ पर्यंत खाली आला. सुधारणा खरीच आहे, तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून थेट खिशातून जातात.

आणि ते कशावर जातात? इथे सगळ्या वादाचा रोख चुकतो असं मला वाटतं. टीव्हीवर बायपास आणि किडनीची चर्चा होते. घराचं बजेट मोडतं ते साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी, दर तीन महिन्यांच्या रक्ततपासणीने, कंबरदुखीच्या एमआरआयने, पोराच्या वारंवारच्या तापाने. यातलं काहीही महात्मा फुले योजनेत नाही, आयुष्मानमध्ये नाही आणि बहुतेक मेडिक्लेममध्येही नाही, कारण दाखल झाल्याशिवाय क्लेम नाही. मग काय होतं? ‘मॅडम, एक दिवस अ‍ॅडमिट दाखवा ना’ ही विनंती आमच्या टेबलावर रोजची आहे. साखरेच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून मधेमधे बंद करणारा माणूस काही वर्षांनी डायलिसिसला येतो, आणि तेव्हा मात्र तो योजनेत अगदी बरोबर बसतो. सरकार त्याच्या गोळ्यांचे पैसे वाचवतं आणि डायलिसिसचे भरतं.

राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत केलं. त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिल हॉस्पिटलची रांग बघितली की त्याची गरज कळते. पण मोफत असलेली गोळी काउंटरवर शिल्लक असेल तरच ती मोफत.

कामगारांचं वेगळंच दुखणं आहे. ईएसआयसी हा आपल्या देशातला सिंगल पेयरच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रकार. १९४८ च्या कायद्याने आलेला. मालकाचे पगाराच्या ३.२५ टक्के, कामगाराचे ०.७५ टक्के, आणि त्या बदल्यात पूर्ण कुटुंबाचा इलाज, ओपीडीची औषधंसुद्धा. मर्यादा एकच: पगार महिना २१,००० च्या आत हवा. अंबडमधल्या फिटरचा पगार साडेएकवीस झाला की चालू सहामाही संपल्यावर तो ईएसआयसीच्या बाहेर. पगारवाढीचे पेढे वाटून झाल्यावर त्याच्या बायकोचं थायरॉइड आणि आईचा दमा पुन्हा त्याच्या खिशावर. असे लोक मला भेटले आहेत जे एचआरला म्हणतात, पगार वाढवू नका, भत्ता द्या. पेयर बदलला की इलाज तुटतो, ही बहुपेयर पद्धतीची सगळ्यात वाईट बाजू आहे. कागदाच्या ढिगाऱ्यापेक्षाही वाईट.

मग सरळ एकच पेयर करावा का? हॉस्पिटलच्या मालकांना हा प्रश्न विचाराल तर ते हात जोडतील, आणि त्यांचं म्हणणं नुसतं लोभाचं नाही.

एका पेयरच्या हाती काय ताकद असते ते कोविडमध्ये दिसलं. २१ मे २०२० ला राज्य सरकारने खासगी हॉस्पिटलांचे दर ठरवून दिले: वॉर्डला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. ऐंशी टक्के बेडना हे दर लागू. वर्षानुवर्षं अशक्य म्हणून सांगितलं जाणारं काम एका अधिसूचनेत झालं. बिलं तपासायला लेखापरीक्षक आले, काही ठिकाणी पेशंटना पैसे परत मिळाले. पण त्या दरात पीपीई किट आणि महागडी औषधं धरलेली नव्हती. मग फुगवटा तिकडे गेला. बिलातला पीपीईचा आकडा बघून वाटावं की वॉर्डात माणसं तासातासाला किट बदलतात. दर बांधला की बिल दुसरीकडून फुगतं, म्हणून दर बांधताना सगळी पोती एकदम बांधावी लागतात, आणि त्यासाठी खरा खर्च किती येतो हे सरकारला माहीत असावं लागतं. आपले पॅकेजचे दर हॉस्पिटलांच्या हिशोबाच्या वह्या उघडून ठरवले जातात असं मला तरी कधी जाणवलं नाही.

दुसरी भीती उशिराची. आज योजनेचे पैसे लांबले तर हॉस्पिटल रोखीच्या पेशंटवर पगार भागवतं. उद्या सगळेच योजनेचे झाले आणि तिजोरीने तीन महिने हात वर केले, तर नर्सचे पगार, ऑक्सिजनवाला, औषधांचा स्टॉकिस्ट, बँकेचा हप्ता कुठून द्यायचा? ही कल्पनेतली भीती नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या खासगी हॉस्पिटलांनी थकबाकीसाठी आयुष्मानची सेवाच थांबवली होती. पंचवीस-तीस बेडच्या डॉक्टर-मालकाच्या हॉस्पिटलला एवढा दम नसतो. मोठ्या साखळ्यांना असतो. म्हणजे उशीर करणारा सिंगल पेयर आला तर छोटी नर्सिंग होम बंद पडतील आणि साखळ्या त्यांच्या जागा घेतील. नाशिकसारख्या गावात निम्मा इलाज अजूनही छोट्या नर्सिंग होममध्येच होतो असा माझा अंदाज आहे, त्यामुळे हा मुद्दा डॉक्टरांपुरता नाही.

तिसरं, खोटे क्लेम. २०२३ मध्ये कॅगने, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या यंत्रणेने, आयुष्मानच्या नोंदी तपासल्या तेव्हा ७.४९ लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले निघाले, आणि तो नंबर म्हणजे ओळीने दहा वेळा ९. विरोधक याचा दाखला देतात की बघा, सरकारला जमत नाही. मी उलटं म्हणेन. सगळा डेटा एका जागी होता म्हणून ते सापडलं. वेगवेगळ्या विमा कंपन्यांत विखुरलेली लबाडी कोण शोधणार? तैवानमध्ये एकाच कार्डावर सगळ्या भेटींची नोंद होते, त्यामुळे कोण महिन्यात दहा डॉक्टर फिरतो तेही दिसतं आणि कोणतं हॉस्पिटल उगाच तपासण्या लिहितं तेही.

चौथा आक्षेप रांगेचा. ब्रिटनमध्ये, इंग्लंडपुरतं बोलायचं तर, २०२३ मध्ये इलाजासाठी थांबलेल्या केसेसची यादी ७७ लाखांच्या आसपास गेली होती. कॅनडात खुब्याच्या सांध्यासाठी महिनोन्महिने थांबावं लागतं. हे खरं आहे, आणि सिंगल पेयरच्या बाजूचे लोक ते झाकतात तेव्हा मला राग येतो. पण आपल्याकडे रांग नाही हे कुणी सांगितलं? निफाडचा शेतकरी हर्निया पट्टा बांधून दाबून ठेवतो, कारण द्राक्षाचे पैसे एप्रिलनंतर मोकळे होतात. गर्भाशयाच्या गाठीने रक्तस्राव होणारी बाई ‘कांदा विकला की बघू’ म्हणते आणि लासलगावला भाव पडला की पुढच्या वर्षावर जाते. आमचं ऑपरेशन थिएटरचं वेळापत्रक बघा, हंगाम संपला की नियोजित ऑपरेशनं वाढतात. ही रांगच आहे, फक्त ती आजाराच्या गांभीर्यावर लागत नाही, बाजारभावावर लागते, आणि तिची यादी कुठे छापून येत नाही म्हणून आपल्याला इंग्लंडची रांग मोठी वाटते.

सुरगाणा-पेठ या आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांचं काय, हा प्रश्न मात्र कोणत्याही पेयरने सुटत नाही. पाड्यावरच्या बाईकडे पाच लाखांचं कार्ड आहे. पण रात्री सिझेरियनची वेळ आली आणि जवळच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ जागेवर नसला, तर तिला १०८ मध्ये घालून नाशिक सिव्हिलला पाठवतात. योजनेतली बहुतेक खासगी हॉस्पिटलं शहरात, मुंबई नाका, गंगापूर रोड, नाशिक रोडच्या आसपास किंवा घोटी-आडगावच्या मेडिकल कॉलेजांत. कार्डामुळे पैसा पेशंटच्या मागून जातो असं म्हणतात. प्रत्यक्षात तो हॉस्पिटल असेल तिथेच जातो. थायलंडने २००१-०२ मध्ये ‘३० बाटमध्ये इलाज’ आणला. त्याआधी कित्येक वर्षं त्यांनी जिल्ह्या-तालुक्यांची रुग्णालयं उभी केली होती आणि नव्या डॉक्टरांना खेड्यात सक्तीने पाठवलं होतं. आणि पैसे ऑपरेशनमागे देण्यापेक्षा मुख्यतः त्या भागात नोंदवलेल्या माणसांच्या संख्येमागे दिले. म्हणजे माणूस निरोगी राहिला तर रुग्णालयाचा फायदा. आपल्याकडे ऑपरेशन झालं तरच पैसे, म्हणून ऑपरेशनं होतात.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. एक तिजोरी हवी, पण आज उद्या सगळे विमे गुंडाळून नव्हे. आधी दर एक करा: कोणत्याही पेयरचा पेशंट असो, त्याच ऑपरेशनला तोच दर, आणि तो दर खऱ्या खर्चावर बेतलेला. हॉस्पिटलच्या मिक्सचा खेळ त्याने संपेल, कार्ड बघून तोंड फिरवायचं कारणच उरणार नाही. त्याबरोबर कायद्यात लिहा की सरकारने ठरल्या मुदतीत क्लेम भरला नाही तर त्यावर व्याज, आणि ते आपोआप जमा व्हायला हवं, त्यासाठी हॉस्पिटलला अर्ज करायला लागू नये. कॅनडासारखी उलट बाजूही लिहा: योजनेच्या पेशंटकडून वर एक रुपया घेतला तर तेवढा कापला जाईल. मग ओपीडीच्या गोळ्या, निदान साखर, बीपी, दमा, फिट्स आणि मानसिक आजार यांच्या, नोंदवलेल्या प्रत्येकाला जवळच्या केंद्रातून. ईएसआयसीची २१,००० ची भिंत त्याच वेळी पाडा. तिजोऱ्या एकत्र करायचं काम सगळ्यात शेवटी, कारण तोवर त्यात उरलेलं भांडण फक्त खुर्च्यांचं असेल.

पैसा कुठून? करातून, दुसरी वाट नाही. द्राक्षाच्या मळ्यात छाटणीला येणाऱ्या मजुराला मालक नावाची गोष्टच नसते, त्याचा हप्ता पगारातून कापणार कोण?

खासगी मेडिक्लेम आत्ता काढू नका असं यातून कुणी वाचू नये. वर सांगितलेलं व्हायला किती वर्षं लागतील ते सस्कॅचेवानवरून धरा. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, ज्यांना हप्ता झेपतो त्यांनी पॉलिसी चालू ठेवावी.

आता वडिलांचं. हॉस्पिटल योजनेत असणं आणि त्या हॉस्पिटलचा तो विभाग योजनेत असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मान्यता विभागवार असते. हृदयविकारासाठी योजनेत असलेलं हॉस्पिटल जनरल सर्जरीसाठी असेलच असं नाही. शिवाय काही ऑपरेशनं फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. त्यामुळे ‘योजनेत बसत नाही’ हे उत्तर खरंही असू शकतं. मालकाच्या मिक्सचं नसेलच असंही नाही. दाखल होण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, भेटा. योजनेच्या प्रत्येक हॉस्पिटलात त्याचं टेबल असतं, बहुतेक वेळा जिन्याखाली किंवा औषधाच्या दुकानाशेजारी. त्याला दोन प्रश्न विचारा: हे ऑपरेशन योजनेच्या यादीतल्या कोणत्या कोडमध्ये येतं, आणि तो कोड या हॉस्पिटलला उघडा आहे का. नसेल तर कुठे आहे हे त्याने सांगायचं असतं. तो टाळत असेल तर १५५३८८ किंवा १४५५५ वर फोन लावा आणि तो त्याच्यासमोरच लावा.

वडील ७२ वर्षांचे आहेत, म्हणजे सत्तरीच्या वरच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं आयुष्मान वय वंदना कार्ड त्यांना उत्पन्नाची अट न लावता मिळतं, आधार ई-केवायसी केली की झालं. स्वतःचा मेडिक्लेम असला तरी मिळतं. अ‍ॅडव्हान्स भरला असेल तर पावती घ्या. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेले पैसे नंतर कुणीच कबूल करत नाही. आणि हर्निया दाबला की आत जात असेल, दुखत नसेल, उलट्या नसतील, तर हे सगळं करायला तुमच्याकडे आठवडाभर आहे. अडकला, कडक झाला, पोट फुगलं, तर कोड, कार्ड काही बघू नका, जवळच्या हॉस्पिटलात न्या आणि रात्र असेल तर सिव्हिलची कॅज्युअल्टी उघडी असते.